तीन वर्षांच्या अनुदानात न मावणारे उंदीर

दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्दर्न केप प्रांतात गोएगॅप नावाचं अभयारण्य आहे. खुरट्या, मांसल पानांच्या झुडपांचा हा रखरखीत मुलूख. सकाळी ऊन वर आलं की झुडपातल्या घरट्यातून पट्टेरी उंदीर एकेक करून बाहेर येतात आणि अंगाला अंग भिडवून ऊन खात बसतात. एक नर, दोन ते चार विणाऱ्या माद्या आणि वयात येऊनही घर न सोडलेली त्यांची मुलं. अंग तापलं की प्रत्येक जण आपापला चरायला निघतो. रात्री पुन्हा सगळे एकाच घरट्यात. माद्या पिल्लं एकत्र वाढवतात, नरही त्यांना ऊब देतो. याच देशाच्या पूर्वेकडच्या दमट गवताळ भागात, पाठीवर तसेच चार काळे पट्टे असलेला उंदीर एकट्यानं राहतो. मादी आपल्या हद्दीत दुसऱ्या मादीला टिकू देत नाही. नराचा संबंध समागमापुरता.

या दोघांना बराच काळ एकच नाव होतं, ऱ्हॅब्डोमिस प्युमिलिओ. त्यामुळे स्पष्टीकरणही सोपं होतं: कोरड्या मुलखात घरट्याजोगी झुडपं मोजकी, सगळ्या हद्दी भरलेल्या, म्हणून मुलं घरीच राहतात, प्राणी एकच, परिस्थितीप्रमाणे वेगळा वागतो. २००३ मध्ये डीएनए आणि गुणसूत्रं तपासली गेली, तेव्हा पूर्वेकडचा उंदीर वेगळी प्रजाती ठरला, ऱ्हॅब्डोमिस डिलेक्टस. प्रश्नच बदलला. एकटं राहणं हा परिस्थितीचा परिणाम, की वंशाचा वारसा? उत्तराचा मोठा भाग गोएगॅपमध्येच मिळाला, कारण २००१ पासून तिथलं काम चालू आहे. उंदरांची संख्या कोसळून हद्दी रिकाम्या पडल्या, तेव्हा एरवी गटात राहणाऱ्या याच प्रजातीच्या माद्या एकट्या राहून विऊ लागल्या. म्हणजे लवचिकता खरी, आणि दोन वंश वेगळे हेही खरं. तीन वर्षांचाच प्रकल्प असता तर यातली एकच बाजू दिसली असती, आणि ती कोणती हे त्या वर्षांच्या पावसावर ठरलं असतं.

या लेखाचा मुद्दा इथेच आहे. सार्वजनिक पैशावर चालणारं प्राणिशास्त्र बहुतेक ठिकाणी तीन ते पाच वर्षांच्या तुकड्यांत कापलेलं असतं. छोट्या सस्तन प्राण्यांचा समाज कसा घडतो आणि त्यांच्यातून नव्या प्रजाती कशा फुटतात, हे दोन्ही प्रश्न त्या मापात बसत नाहीत. सगळी माहिती सारख्या वेगानं नष्ट होत नाही, हे पैसे वाटणाऱ्यांनी आधी समजून घ्यायला हवं. संग्रहालयातल्या शंभर वर्षं जुन्या कातड्यातून आजही डीएनए काढता येतो. गुणसूत्रं मात्र विभागणाऱ्या जिवंत पेशीतच नीट दिसतात. गोठवलेल्या तुकड्यातून ती मिळत नाहीत. आणि कोण कोणाबरोबर झोपलं, कोणत्या मुलीनं घर सोडलं, हे त्या रात्री नोंदवलं नाही तर कायमचं गेलं. तरीही निधी सर्वाधिक सहज मिळतो तो पहिल्या प्रकाराला, म्हणजे जे उद्याही करता येईल त्याला.

समाज आणि प्रजाती यांचा संबंध जोडणारा एक गाजलेला सिद्धांत १९७७ चा. बुश, केस, विल्सन आणि पॅटन यांनी मांडलं की ज्या सस्तन प्राण्यांचे छोटे, बंदिस्त कौटुंबिक गट असतात, त्यांच्यात गुणसूत्रांची रचना झपाट्यानं बदलते आणि प्रजातीही लवकर फुटतात. यामागचं गणित समजण्यासारखं आहे. पेशी विभागताना गुणसूत्र ज्या बिंदूपाशी धरून ओढलं जातं, तो बिंदू काही गुणसूत्रांत टोकाला असतो. अशी दोन गुणसूत्रं त्या टोकांपाशी जोडली जाऊन एक होतं, तेव्हा सुरुवातीला हा बदल एकाच प्राण्यात असतो. त्याच्या पिल्लांना एका पालकाकडून जोडलेलं गुणसूत्र आणि दुसऱ्याकडून दोन सुटी येतात. बीजपेशी तयार होताना या तिघांची जुळणी कधी कधी चुकते आणि काही गर्भ टिकत नाहीत. मोठ्या, मिसळत्या संख्येत असा बदल लवकर पुसला जातो. पण गट आठ-दहा जणांचा असेल, एकाच नराची बहुतेक पिल्लं असतील, आणि भावाबहिणींची जोडी जमत असेल, तर निव्वळ योगायोगानं तो सगळ्या गटात पसरू शकतो. असे अनेक जोड साचले, आणि शेजारच्या गटात वेगळेच जोड साचले, की त्यांच्या संकरात तीनाऐवजी लांब साखळ्या तयार होतात. मग वंध्यत्व येतं.

घरात फिरणारा साधा उंदीर याचा चांगला नमुना. त्याची गुणसूत्रं ४०. पण पश्चिम युरोपातल्या प्रकारात असे जोड होऊन ती २२ पर्यंत खाली आलेली सापडतात. मदेरा या डोंगराळ बेटावर माणसांच्या जहाजांतून आलेल्या उंदरांचे सहा वेगवेगळे गुणसूत्री वंश, म्हणजे वेगवेगळे जोड साचलेले गट, आहेत, आणि ते फार तर हजारएक वर्षांत तयार झाले आहेत. वस्त्या खोल दऱ्यांत विखुरलेल्या, मध्ये उभे कडे. सिद्धांताला याहून चांगली साक्ष काय हवी, असं वाटतं.

पण एकटे राहणारे प्राणी पाहिले की अडचण येते. युरोप आणि सायबेरियातली सोरेक्स अरॅनियस ही चिचुंद्री कमालीची भांडखोर, प्रत्येकीची स्वतंत्र हद्द, आयुष्य जेमतेम वर्ष-दीड वर्षाचं. तिच्यात कुटुंबाचा गट नाहीच; तरी तिचे ७० हून अधिक गुणसूत्री वंश नोंदलेले आहेत. इस्राएलमधला आंधळा मोल-रॅट जन्मभर एकट्याच्या बोगद्यात राहतो आणि डोकं छतावर आपटून शेजाऱ्याला कंपनांनी इशारा देतो. एव्हिएतार नेवो यांनी त्याच्या चार प्रजाती दाखवल्या, गुणसूत्रं ५२, ५४, ५८ आणि ६०. दक्षिण अमेरिकेतल्या टुको-टुको या बिळात राहणाऱ्या कुरतडणाऱ्या प्राण्याच्या साठाहून अधिक प्रजाती आहेत, गुणसूत्रं १० पासून ७० पर्यंत. त्यातल्या बहुसंख्य प्रजाती एकट्यानं राहणाऱ्या.

दुसऱ्या टोकाला पूर्व आफ्रिकेतला केसविरहित मोल-रॅट आहे. जेनिफर जार्व्हिस यांनी १९८१ मध्ये दाखवलं की त्याच्या वसाहतीत मुंग्या-मधमाश्यांसारखी एकच राणी विते आणि बाकीचे राबतात. एका वसाहतीत सरासरी ७०-८० प्राणी, कधी त्याच्या तिप्पट-चौपट. सस्तन प्राण्यांत याहून घट्ट, बंदिस्त समाज शोधून सापडणार नाही. आणि तरीही सगळा मिळून तो आज एकच प्रजाती मानला जातो. त्याचाच आफ्रिकी नातेवाईक असलेल्या फ्युकोमिस गटातही राणी-कामकऱ्यांचाच समाज आहे, पण तिथे गुणसूत्रं ४० ते ७८ अशी पसरली आहेत आणि प्रजातींची यादी अजून वाढते आहे. समाजरचना जवळपास सारखी, निकाल उलटे.

यातून निघणारा निष्कर्ष असा: समाज हे प्रजाती फुटण्याचं इंजिन मानणं घाईचं आहे. खरी किल्ली पिल्लू जन्मस्थानापासून किती दूर जाऊन वितं, आणि राहण्याजोगी जमीन किती तुकड्यांत आहे, यात आहे. बिळात राहणारे प्राणी एकटे असोत वा गटात, दूर जात नाहीत. म्हणून दोन्हींत गुणसूत्रं बदलतात. दूर न जाण्याचे अनेक परिणाम होतात आणि कुटुंब घरीच राहणं हा त्यातला एक. हा अंदाज चूक ठरवायचा असेल तर मार्ग एकच: प्रत्येक पिल्लू कुठे जन्मलं आणि कुठे विलं हे वर्षानुवर्षं मोजायचं.

अर्जेंटिनातल्या लिमाय नदीच्या खोऱ्यात हेच झालं. टेनोमिस सोशियाबिलिस ही टुको-टुकोची प्रजाती १९८५ मध्ये नोंदली गेली. तिच्या माद्या एकाच बिळात एकत्र राहतात. त्याच भागातली टेनोमिस हाइगी एकट्यानं राहते. आयलीन लेसी यांनी माद्यांना खुणा करून कित्येक हंगाम त्यांचा माग काढला. २००४ मध्ये त्यांनी जे दाखवलं ते एकत्र राहण्याच्या कौतुकाला धक्का देणारं होतं: गट जसा मोठा, तशी दर मादीमागे जगलेली पिल्लं कमी. एकटी राहणारी मादी या हिशेबात पुढे होती. मग मुली घरी का राहतात? नवं बीळ खणणं, चाऱ्याचा तुकडा शोधणं, वाटेत शिकारी पक्ष्यापासून वाचणं, हे न जमण्याची शक्यता जास्त, म्हणून. एकोपा इथे दोन वाईट पर्यायांतला कमी वाईट आहे. हे एका हंगामात दिसलं नसतं, कारण मादीचं यश तिच्या आयुष्यभराच्या बेरजेत आहे.

सोप्या उत्तराची हाव दुसऱ्या बाजूनंही नडते. अमेरिकेतल्या गवताळ मैदानातला प्रेअरी व्होल हा उंदरासारखा छोटा प्राणी जोडीनं राहतो. त्याचाच भाऊबंद कुरणातला मेडो व्होल राहत नाही. २००४ मध्ये व्हॅसोप्रेसिन संप्रेरकाच्या ग्राहकाचं, म्हणजे ते संप्रेरक पकडणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनाचं, जनुक मेडो व्होलच्या मेंदूतल्या ठरावीक भागात विषाणूच्या साहाय्यानं घातलं, तेव्हा ते नर एकाच मादीजवळ जास्त वेळ राहू लागले. 'एकनिष्ठेचं जनुक' अशा बातम्या आल्या. त्या जनुकाशेजारच्या लांब पुनरावृत्त डीएनएला श्रेय दिलं जात होतं. २००६ मध्ये इतर व्होल तपासले तर जोडी न करणाऱ्या बहुतेक प्रजातींतही ती पुनरावृत्ती निघाली. २०२३ मध्ये जोडीशी जोडलं जाणारं दुसरं संप्रेरक, ऑक्सिटोसिन, त्याचा ग्राहकच नसलेले प्रेअरी व्होल तयार केले गेले, आणि त्यांनीही जोड्या जमवल्या. प्रयोग सगळे मोलाचे होते, घाई अर्थ लावण्यात झाली. मुळात हा प्राणी जोडी करतो हे प्रयोगशाळेत कळलेलंच नाही. इलिनॉयमध्ये लोवेल गेट्झ यांनी १९७२ पासून २५ वर्षं सापळे लावले, आणि तोच नर त्याच मादीबरोबर एका सापळ्यात पुन्हा पुन्हा सापडत राहिला. हिवाळ्यात हेच व्होल मोठ्या गटांत राहतात, कारण साप गारठून बसलेले असल्यानं जास्त पिल्लं जगतात, हेही त्याच नोंदींतून निघालं.

हे काम प्रत्यक्षात कसं चालतं हे माहीत नसल्यामुळे ते स्वस्तात आणि घाईत होईल असं पैसे देणाऱ्यांना वाटतं. ॲल्युमिनिअमच्या पत्र्याचा घडीचा सापळा सुमारे ८ बाय ९ बाय २३ सेंटिमीटरचा. दर १० मीटरवर एक, दहा ओळींत दहा, असे शंभर सापळे म्हणजे हेक्टरभरही जागा होत नाही. आत दाणा आणि मूठभर कापूस. कापूस विसरला आणि रात्री थंडी पडली की सकाळी मेलेले प्राणी हाती येतात. उन्हात राहिलेला पत्रा तासाभरात भट्टी होतो. चिचुंद्री काही तासांच्या उपासानंही मरते, म्हणून तिच्या मुलखात दर दोन तासांनी फेरी मारावी लागते आणि सापळ्यात अळ्या ठेवाव्या लागतात. काही उंदीर दाण्याला चटावून रोज येतात, काही एकदा सापडले की पुन्हा फिरकत नाहीत. दोन्ही गोष्टी हिशेबात धरल्या नाहीत तर संख्या चुकते आणि 'मैत्री'ही चुकते. एका सापळ्यात दोघं सापडले म्हणजे ते एका बिळातले असं होत नाही. म्हणून कातडीखाली १२ मिलिमीटरची ओळख-चिप, शक्य तिथे रेडिओ पट्टा. पट्टा वजनाच्या पाच टक्क्यांपेक्षा कमी हवा. म्हणजे ४० ग्रॅमच्या उंदराला २ ग्रॅम, त्यात बॅटरी आली, आणि ती काही आठवड्यांत संपते. मग दिवसा किंवा रात्री, प्राणी झोपतो त्या वेळी जाऊन, तो कोणत्या घरट्यात आहे हे रोज नोंदवायचं. नातं ठरवायला कानाचा २ मिलिमीटरचा तुकडा अल्कोहोलमध्ये.

गुणसूत्रं हवी असतील तर काम आणखी नाजूक. आदल्या दिवशी यीस्ट आणि साखरेचं द्रावण टोचलं तर अस्थिमज्जेत पेशींची विभागणी वाढते. कोल्चिसिन देऊन विभागणी अर्ध्यावर थांबवायची, मांडीच्या हाडातली मज्जा ०.०७५ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ३७ अंशांना वीसेक मिनिटं ठेवायची, मग तीन भाग मिथेनॉल आणि एक भाग ॲसिटिक आम्लात स्थिर करून काचपट्टीवर टाकायची. द्रावणात कमी वेळ ठेवली तर गुणसूत्रांचा गोळा राहतो आणि मोजता येत नाही; जास्त ठेवली तर पेशी फुटून दोन पेशींची गुणसूत्रं मिसळतात आणि खोटा आकडा येतो. असा खोटा आकडा छापला गेला की 'नवा वंश' म्हणून पुढे उद्धृत होत राहतो. हे हात तयार व्हायला वर्षं लागतात. प्रकल्प संपला की तंत्रज्ञ दुसरीकडे जातो आणि कौशल्य त्याच्याबरोबर जातं.

उंदरांचे नातेसंबंध मोजून लोकांना काय मिळतं, हा प्रश्न रास्त आहे. आफ्रिकेतला मॅस्टोमिस उंदीर बघा. दिसायला एकसारख्या अनेक प्रजाती. गुणसूत्रं ३२ असतील तर मॅस्टोमिस नेटालेन्सिस, ३६ असतील तर मॅस्टोमिस कूचा, ३८ असतील तर मॅस्टोमिस एरिथ्रोल्युकस. लासा ताप हा विषाणूचा आजार माणसात प्रामुख्यानं नेटालेन्सिसपासून येतो, तोही त्याच्या पश्चिम आफ्रिकेतल्या वंशापासून. प्लेगच्या जंतूला कूचा सहज बळी पडतो, नेटालेन्सिस बराच प्रतिकार करतो. बाहेरून पाहून 'मॅस्टोमिस' एवढंच लिहिलेल्या नोंदीवर आरोग्य खात्यानं काय ठरवायचं?

१९९३ मध्ये अमेरिकेच्या नैऋत्य भागात धडधाकट तरुण माणसं फुप्फुसात पाणी भरून दगावू लागली. कारण हँटाव्हायरस, वाहक डिअर माउस हा रानउंदीर. विषाणू नवा आहे की जुना, हे ठरवता आलं, कारण संग्रहालयांनी आधीच्या वर्षांचे गोठवलेले ऊतक जपून ठेवले होते. त्यात विषाणू सापडला. आणि त्याच वर्षी का, याचं उत्तर न्यू मेक्सिकोतल्या सेव्हिलेटा इथल्या सापळ्यांच्या नोंदींत होतं. एल निन्योच्या पावसानं चारा वाढला आणि उंदरांची संख्या कित्येक पटींनी फुगली. कोणीही साथ येणार म्हणून त्या नोंदी ठेवल्या नव्हत्या.

या भूमिकेवरचे दोन आक्षेप गंभीर आहेत. पहिला, नमुन्यासाठी प्राणी मारण्याचा. संख्या अगदी कमी असलेल्या प्रजातीतून प्राणी घेऊ नयेत, तिथे कानाचा तुकडा, आवाज आणि छायाचित्रावर भागवावं. यात तडजोड नको. पण भरपूर संख्येच्या प्रजातीत प्रत्येक ठिकाणचे मोजके नमुने, कवटी, कातडं, ऊतक आणि नेमक्या जागेच्या नोंदीसह घेतले नाहीत, तर पुढच्या पिढीला तुलना करायला काही उरत नाही. दुसरा आक्षेप नावं वाढवण्याच्या सोसाचा. मादागास्करच्या माउस लेमर या चिमुकल्या, माकडांच्या दूरच्या नातेवाईकाच्या प्रजाती, मोजक्या जागांच्या थोड्या डीएनएवर, २५ पर्यंत गेल्या होत्या. जीनोम, शरीराची मापं, आवाज आणि विण्याचा हंगाम असं सगळं एकत्र तपासलं तेव्हा त्या १९ वर आल्या. हा आक्षेप मान्यच आहे, आणि त्यावरचा उपाय वर्तनाच्या नोंदी वाढवणं हाच आहे. उलट बाजूनं, युरोपातलं साधं वाटणारं पिपिस्ट्रेल वटवाघूळ दोन प्रजातींचं निघालं ते त्यांच्या हाकांवरून: एकाची हाक सुमारे ४५ किलोहर्ट्झ, दुसऱ्याची ५५. डीएनएनं १९९७ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. आधी हाकांनी सांगितलं होतं.

उशीर झाला की काय होतं, याचंही उदाहरण आहे. ऑस्ट्रेलियाच्या टोरेस सामुद्रधुनीतल्या ब्रॅम्बल के या काही हेक्टरांच्या बेटावर मेलोमिस रुबिकोला हा उंदीर होता, जगात फक्त तिथेच. त्याच्या बचावाची योजना २००८ मध्ये कागदावर आली. २००९ नंतर तो दिसला नाही. २०१४ च्या शोधात एकही सापडला नाही आणि २०१९ मध्ये सरकारनं तो नामशेष झाल्याचं जाहीर केलं.

मागणी म्हणून काय पुढे ठेवायचं? प्रत्येक मोठ्या अधिवासात किमान एक जागा, जिथे त्याच खुंट्यांवर तेच सापळे वर्षातून ठरावीक वेळा किमान २० वर्षं लागतील, आणि तिचा पैसा प्रकल्पांच्या स्पर्धेबाहेर ठेवलेला असेल. तिथे तंत्रज्ञाची कायम जागा. नव्या प्रजातीच्या वर्णनाला सार्वजनिक निधी हवा असेल तर ऊतक आणि कवटी खुल्या संग्रहात जमा, शक्य तिथे गुणसूत्रं, आणि ती एकटी राहते की गटात याची कमीत कमी दोन हंगामांची नोंद. संरक्षणाच्या यादीत नावापुढे फक्त संख्या असते. तिथे पिल्लं किती दूर जातात हेही असावं. सव्वा हेक्टरच्या तुकड्यात एकटे राहणारे चाळीस प्राणी आणि एका राणीची चाळीस जणांची वसाहत, यांची प्रजननाची ताकद एक नसते.

प्राणिशास्त्रज्ञ जोसेफ ग्रिनेल यांच्या चमूनं १९१४ ते १९२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीत छोटे सस्तन प्राणी कुठे, किती उंचीवर सापडतात हे शाईनं, सापळ्यांच्या संख्येसह, लिहून ठेवलं. जवळपास शंभर वर्षांनी त्याच जागा शोधून पुन्हा सापळे लावले गेले. २८ प्रजातींपैकी निम्म्यांच्या हद्दी सरासरी सुमारे ५०० मीटर वर सरकलेल्या निघाल्या. किती सापळ्यांत काहीच सापडलं नाही, हेही त्या वह्यांत लिहिलेलं होतं. ते नसतं तर तुलनाच झाली नसती.